पावणं दारातच बरं

आमचे चौगुले सर शुद्ध शाकाहारी होते, आणि दर बुधवारी राजारामपुरीत मटणाच्या दुकानापुढं रांगेत उभे असायचे. मागची अख्खी मांडी, वरचा पडदा न काढता, शिरा शाबूत. एवढं चोखंदळ गिऱ्हाईक साऱ्या कोल्हापुरात नसेल. खाटकानं एकदा कौतुकानं विचारलं, "डॉक्टर, घरात माणसं किती?"

"दोन. मी न् बायको."

"मग एवढं संपतंय?"

"खायला न्हाय ओ. टोचायला पायजे."

तेव्हापासून तो मटण द्यायचा, पण नजर चुकवून.

सर आमच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. गोष्ट दोन हजार सात-आठची. हाड मोडून आलेल्या माणसाची तेवढ्याच भागाची नस बधिर करायची, आणि तीही अंदाजानं नाही, सोनोग्राफीत बघून. हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, याची मला फार उत्सुकता होती. विचारलं की म्हणायचे, "लोकांनी वरडायचं न् आपण ऐकायचं, हे काय बरं न्हवं." शिकायला अपघात विभागातले आम्ही चार शिकाऊ डॉक्टर. मटणावर जेल फासून सुया खुपसायचो. कोल्हापुरात राहून मटणाचा असा सत्यानाश बघायचा म्हणजे शिक्षाच होती.

एकदा पाय मोडलेल्या एका पैलवानाला ते सोनोग्राफीचं यंत्र लावलं, तर गडी ताडकन उठून बसला. "डॉक्टर, मी बाप्या माणूस हाय की."

"व्हय, म्हणूनच पाय बघतोय," सर शांतपणे म्हणाले.

सर आम्हाला नावानं कधी हाक मारत नसत, गावानं मारत. मी गगनबावड्याची, म्हणून गगनबावडा. "गगनबावडा, सुई म्हंजे पावणं. पावण्यानं दारात थांबायचं, खाऊ उंबऱ्यावर ठिवायचा न् माघारी फिरायचं. घरात घुसायचं न्हाय." म्हणजे सुई नसेशेजारी थांबवून औषध भोवती पसरू द्यायचं. सुई नसेत शिरली तर पाय कायमचा अधू होऊ शकतो. माझी सुई उंबरा ओलांडायचीच. "तुमच्याकडं पावणं डायरेक चुलीपतूर जातंय वाटतं," सर म्हणायचे. माझं डोकं असं फिरायचं, की त्या पावण्याला उचलून रंकाळ्यात टाकावं.

एका सकाळी स्ट्रेचरवरून काकू आल्या. काकू म्हणजे सरांची बायको. अंगणात पाय घसरून खुब्याजवळचं हाड मोडलं होतं. साधी चादर हलली तरी त्या कळवळत होत्या. सरांनी हातमोजे चढवले, सुई उचलली, आणि काकू कळवळल्या तशी ती मध्येच थांबली. एवढ्या वर्षांत मी तो हात अडलेला पाहिला नव्हता. त्यांनी सुई परत ट्रेमध्ये ठेवली.

"गगनबावडा, तू घे."

"सर, तुमच्या हाताशिवाय मी एकदाही केलेलं नाही."

"मग आज कर."

एवढं बोलून ते बाहेर गेले आणि आमच्याकडे पाठ करून दारात उभे राहिले.

मी हातमोजे चढवले आणि यंत्र काकूंच्या जांघेवर टेकवलं. पडद्यावर काळी, धडधडणारी रक्तवाहिनी दिसली, तिच्याशेजारी पांढरट नस. काकूंचा पाय आता माझ्या हातात होता. मी सुई सरकवली, आणखी थोडी सरकवली आणि थांबले.

"कुठं हाय पावणं?" दारातून आवाज आला.

"दारात, सर."

"मग ठीव खाऊ."

औषध नसेभोवती हळूहळू पसरलं. वीसेक मिनिटांनी काकूंची आवळलेली मूठ सुटली.

"हे कुठं गेले ग?"

"दारात उभे आहेत."

काकू हसल्या. "असंच हाय त्यांचं. माझं पहिलं बाळ बाळंतपणातच गेलं, तवाबी आत आले न्हाईत. रात्रभर माझं वरडणं ऐकत दारात उभे. अजून झोपेत दचकून विचारत्यात, दुखतंय का म्हणून." मग दाराकडं बघत त्यांनी आवाज चढवला, "ओ पावणं, आता या की आत."

सर आले. डोळे लाल झालेले. काकूंच्या कपाळावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "दुखत न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"खरंच दुखत न्हाय?"

असं त्यांनी चार वेळा विचारलं. पाचव्यांदा काकू म्हणाल्या, "न्हाय ओ. बसा आता."

मग सर काकूंचा हात धरून बसले.