हॅगिसच्या तीन शिट्ट्या

"हॅगिस ना? आम्ही करू की!" हे मी बोललो तेव्हा माझ्या तोंडात तळलेल्या पापलेटचा घास होता. निदान घास गिळेपर्यंत थांबला असतात तर तेवढ्या वेळात अक्कल आली असती, असं जेमिमा नंतर म्हणाली. (इतक्या वर्षांच्या संसारानंतरही माझी बायको माझ्याबद्दल अशी आशा बाळगून आहे, याचं मला कौतुक वाटतं.)

झालं होतं असं. आमच्या अबिगेलने तिच्या हॉस्पिटलमधला गॅव्हिन नावाचा मुलगा पसंत केला होता. मुलगा ज्यू, त्यामुळे माझ्या आईच्या आत्म्याला शांती. मुलगा ग्लासगोचा, त्यामुळे माझी पंचाईत, कारण त्याचं इंग्रजी मला चारातलं एक वाक्य कळायचं. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे चौलचे, म्हणून चेऊलकर. भायखळ्यातून उठून लंडनच्या इलफर्डला आलो त्याला आता उभं आयुष्य झालं, पण स्कॉटिश माणूस इतका जवळून कधी पाहिला नव्हता.

तर त्या रविवारी गॅव्हिन जेवायला आला होता. जेवता जेवता म्हणाला, "पंचवीस जानेवारीला डॅड लंडनला येतायत, तुम्हाला भेटायला." मग हळूच पुढे म्हणाला, "त्या रात्री आमच्याकडे आमच्या कवीच्या नावाने हॅगिस खातात. आई करायची. गेल्या वसंतात ती गेली. आता पहिल्यांदाच..." आणि तो ताटातला काटा उगाचच बाजूला सारत बसला.

जेमिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. जेवणाच्या टेबलावर कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं की मला काहीतरी बोलल्याशिवाय राहवत नाही. म्हणून मी बोललो.

गॅव्हिन गेल्यावर जेमिमाने शांतपणे विचारलं, "अहो, हॅगिस म्हणजे काय, माहीत आहे?"

"मेंढीच्या पोटात मेंढीचंच दिल, कलेजी, ओटचा भरडा, कांदा, मिरपूड भरून उकडतात."

"म्हणजे भरलेली वजडी. करीन मी."

इथे विषय संपला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण अबिगेल मध्येच म्हणाली, "नो मम्मी, मी गॅव्हिनला सांगितला की डॅडी सगळं कुक करणार. तो इतकी इम्प्रेस झाला!" (पोरगी इथे जन्मली. तिच्या मराठीत जगातली सगळी माणसं अधूनमधून बाई होतात.) मुलीने बापाचा शब्द दिलेला, आता मागे कसं हटणार? मी आयुष्यात फक्त ऑम्लेट केलं होतं, आणि तेही पसरट भुर्जीच्या अंगाने जाणारं, ही गोष्ट मी तात्पुरती विसरलो.

दोन दिवसांनी गॅव्हिनच्या वडिलांचा फोन आला. हॅरी त्यांचं नाव. आवाज खणखणीत, उच्चार गॅव्हिनपेक्षा दुप्पट अवघड.

"पाइपचं काय?" त्यांनी विचारलं.

"पाइप उत्तम आहेत," मी म्हणालो. "गेल्याच वर्षी प्लंबर येऊन सगळे बदलून गेला."

"म्हणजे वाजतील ना?"

"आता अजिबात वाजत नाहीत!" मी अभिमानाने सांगितलं.

"बरं," ते जरा पडलेल्या आवाजात म्हणाले. "तुमच्याकडे जसं असेल तसं."

काय घोटाळा झाला ते अबिगेलने नंतर सांगितलं. हॅगिस टेबलावर आणताना पुढे बॅगपाइप वाजवत येतात, सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात, मग घरातला मोठा माणूस हॅगिसला उद्देशून कविता म्हणतो आणि तिच्या ऐन भरात त्याच्या पोटात सुरी खुपसतो. मी म्हटलं, एवढं आमच्या नवरदेवाचंसुद्धा होत नाही.

कोशर, म्हणजे आमच्या धर्माला चालणारं हॅगिस गोल्डर्स ग्रीनच्या एका खाटकाकडे मिळालं. गोल, गुळगुळीत, तान्ह्या बाळाएवढं. खाटकाने हातात देताना बजावलं, "हे कच्चं आहे. दोन-तीन तास मंद आचेवर ठेवा. पाणी उकळता कामा नये, नुसतं हलायला हवं. घाई केलीत तर फुटेल." मी ते मांडीवर घेऊन ट्यूबमधून घरी आलो. समोरच्या बाईंनी कौतुकाने पिशवीत डोकावून पाहिलं आणि पुढच्या स्टेशनला डबा बदलला.

पंचवीस तारखेला जेमिमाने सलगम उकडून कुस्करलं. बटाटेही कुस्करले, त्यात लोण्याऐवजी नारळाचं दूध घातलं, कारण मटणाच्या जेवणात आमच्याकडे दूधलोणी येत नाही. मी हॅगिस पातेल्यात ठेवून गॅस बारीक केला आणि खुर्ची टाकून बसलो. पाणी नुसतं हलत होतं. मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

तेवढ्यात अबिगेलचा मोबाइल वाजला. हॅरींची गाडी वेळेआधी आली होती. गॅव्हिन त्यांना घेऊन निघालासुद्धा!

मी हॅगिसला बोटाने दाबून पाहिलं. आत दगड. आता मला सांगा, मराठी माणसाच्या घरात शिजायला उशीर होतोय म्हटल्यावर हात कुठे जाईल? जेमिमा साडी बदलायला वर गेली होती. मी मोठा कुकर काढला, हॅगिस आत घातलं, झाकण लावलं आणि गॅस मोठा केला.

पाहुणे आले. हॅरी उंच, किडकिडीत, चौकड्यांच्या घागऱ्यात आणि लोकरी मोज्यांत. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. काय बोलले ते कळलं नाही. त्यांना बाहेरच्या खोलीत बसवून मी आत पळालो आणि कुकरने पहिली शिट्टी दिली.

आमच्या कुकरची शिट्टी साधी नाही. आधी घरघर, मग घोगरा हुंदका आणि मग लांब, चढत जाणारी किंकाळी. बाहेर खुर्च्या सरकल्या. गॅव्हिन ओरडला, "डॅड, पाइप!" मी दारातून डोकावलो. हॅरी ताठ उभे होते, हनुवटी वर, डोळे पाणावलेले, आणि तालात टाळ्या वाजवत होते. जेमिमा नव्या साडीत त्यांच्या शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि माझ्याकडे अशी पाहत होती की मी डोकं आत घेतलं.

दुसरी शिट्टी झाली. टाळ्या वाढल्या. तिसऱ्या शिट्टीला आत काहीतरी 'भप्प' झालं.

वाफ काढून मी झाकण उघडलं. आत हॅगिस नव्हतं, खिमट होतं. वर फुटक्या फुग्यासारखं आवरण तरंगत होतं.

"डॅडी, हे काय केला तू?" अबिगेल मागे येऊन उभी होती. बाहेर टाळ्या चालूच. "तो उभी आहे अजून! त्यांची वाइफ गेल्यावर पहिला हॅगिस आहे, आणि तू ती फोडली!"

मुलीच्या तोंडून हे ऐकल्यावर मला खरंच रडू आलं. माणूस तिकडून एवढ्या लांब आपली आठवण उराशी धरून येतो, आणि मी ती कुकरात घालतो!

"पिशवी हवी," मी म्हणालो. "कापडाची. चक्का टांगायचं फडकं दे."

"ते दुधाचं आहे ना! मम्मी मारेल."

मग ती वर गेली आणि नव्या कोऱ्या नायलॉनच्या स्टॉकिंग्जचं पाकीट घेऊन आली. (फोडून उकळत्या पाण्यातून काढल्या, उगाच तोंड वाकडं करू नका.) खिमट चाळणीत निथळलं, त्यातलं निम्मं स्टॉकिंगच्या पायात भरलं, दोन्हीकडे गाठी मारल्या. रंग हुबेहूब आला. इतकं सुबक हॅगिस खुद्द स्कॉटलंडातही कुणी पाहिलं नसेल.

ते ताटात घालून मी मिरवत आणलं. सगळे टेबलाभोवती बसले, हॅरी तेवढे उभे राहिले. हॅगिसकडे पाहून त्यांचा चेहरा मात्र उतरल्यासारखा वाटला. तरी त्यांनी मोज्यातून वडिलांची जुनी सुरी काढली आणि कविता सुरू केली. शब्द एकही कळला नाही, पण म्हणत असे होते की पुतळ्यालाही जेवावंसं वाटावं. आवाज चढला, हात वर गेला आणि सुरी खाली आली.

सुरी बोथट होती आणि नायलॉन नवं. हॅगिस आत दबलं आणि सुरी उसळून वर आली. हॅरी चकित झाले. पुन्हा कविता, पुन्हा घाव, या वेळी सगळा जोर लावून. हॅगिस ताटातून सटकलं, बटाट्याचा डोंगर फोडून टेबलावरून घसरत आलं, माझ्या मांडीत पडलं आणि तिथे त्याची गाठ सुटली.

गरम कलेजी माझ्या एकुलत्या एका सुटावरून बुटात उतरत होती.

"डॅडी," अबिगेल हळूच म्हणाली, "माझी स्टॉकिंग."

हॅरींनी वाकून पाहिलं. ते खुर्चीत बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. रडतच होते, पण हसतही होते.

"माझ्या रूथचं दरवर्षी फुटायचं," ते म्हणाले, आणि हे मला शब्दन् शब्द कळलं. "प्रत्येक जानेवारीत. धीरच नव्हता तिला, गॅस मोठा करायची. मी आयुष्यभर फुटक्या हॅगिसच्या पातेल्याला कविता म्हणत आलो. तुमचं हे गुळगुळीत हॅगिस पाहिलं आणि वाटलं, हे काही आपल्या घरचं नाही."

जेमिमा उठली. चाळणीत उरलेलं तिने कांद्यावर परतलं, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घातली आणि गरम चपात्यांबरोबर वाढलं. हॅरींनी तीनदा मागून घेतलं. घाम पुसत ते तिला रूथबद्दल सांगत होते आणि ती त्यांना तिच्या आईच्या भरलेल्या वजडीबद्दल. मी पायजमा घालून कडेला बसलो होतो.

लग्न जूनमध्ये ठरलं. जेवणाचं जेमिमा आणि हॅरी फोनवर परस्परच ठरवतात. परवा मी विचारलं, "माझ्याकडे काय काम?"

तिने फोनवर विचारून सांगितलं, "तुम्ही गाड्या कुठे लावायच्या ते बघायचं. कार पार्क रस्त्याच्या पलीकडे आहे, आणि जेवण होईपर्यंत तुम्ही रस्ता ओलांडायचा नाही, असं हॅरी म्हणतायत."