चार टायरांना आलेलं दीर्घायुष्य

नीलांबिका, म्हणजे घरची निलू, जर्मनीहून उदगीरला परत आली, तेव्हा तिला वाटलं होतं की आपली लाल, बसकी, दोनच माणसांची स्पोर्ट्‌स कार गल्लीत शिरली की पोरं धावत येतील. इंजिन किती ताकदीचं, पळते किती, असं विचारतील. मग आपण बॉनेटला टेकून त्यांना सांगू, की बाबांनो, वेग ही रस्त्यावर दाखवायची गोष्ट नाही, त्यासाठी ट्रॅक असतो. (हे भाषण तिनं विमानातच तयार केलं होतं. शेवटी टाळ्यांसाठी थोडी जागाही ठेवली होती.)

प्रत्यक्षात धावत आल्या त्या शेजारच्या नागम्मा. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, मागचं झाकण उघडायला लावलं, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "ह्यात घागरी किती बसतात?"

"घागरी नाही बसत, मावशी."

"मग काय बसतं?"

"दोन माणसं."

"माणसं घेऊन काय करू गं दुष्काळात?" असं म्हणून नागम्मा परत गेल्या. टाळ्यांची जागा तशीच राहिली.

त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं आणि उदगीरला टँकरनं, तेही आलं तर. गावातल्या प्रत्येक वाहनाची किंमत त्यात पाणी किती मावतं यावर ठरत होती. चुलतभाऊ मन्मथचा ऑटो बारा घागरींचा, वडिलांची, म्हणजे आप्पांची, जुनी जीप दोन ड्रमांची, आणि निलूची गाडी शून्याची. त्यातून ती जमिनीला इतकी चिकटून चालायची, की गल्लीच्या तोंडावरच्या स्पीडब्रेकरवर तिचं पोट टेकायचं आणि चौघांनी उचलून पलीकडे ठेवावी लागायची. उचलणारे दर वेळी विचारायचे, "ताई, ही जर्मनीत बी अशीच उचलत होते का?"

निलूनं हे सगळं सोसलं, कारण तिच्या डोक्यात ट्रॅक होता. लातूर रोडवर रात्री मोटारसायकलींच्या शर्यती लावणाऱ्या पोरांपैकी एक तिच्या वर्गातला होता. तो त्याच रस्त्यावर अपघातात गेला. गावाबाहेरच्या माळावर एक साधा, गोल ट्रॅक झाला, हेल्मेट घालून, नियमानं गाडी पळवायला मिळाली, तर ही पोरं वाचतील असं तिला मनापासून वाटायचं. त्यासाठी हैदराबादच्या एका टायर कंपनीकडे तिनं इतके हेलपाटे घातले, की शेवटी तिथले इंजिनियर रेड्डी म्हणाले, "आमचं एक काम करा. मग ट्रॅकचं बघू."

काम असं होतं. ट्रॅकवर पळवायचे खास टायर आपल्याकडच्या उन्हात किती टिकतात, हे मोजायचं. कंपनीनं तिला चार टायर दिले. दोनदा ते हैदराबादच्या ट्रॅकवर पळवून झाले होते. येत्या रविवारी तिसरी आणि शेवटची खेप. त्यानंतर रेड्डी झीज मोजणार, आणि आकडे पटले तर उदगीरच्या ट्रॅकसाठी कंपनी मदत करणार. म्हणजे गावातल्या पोरांचं भवितव्य त्या चार टायरांवर शिल्लक असलेल्या रबरावर उभं होतं.

म्हणून निलू ते टायर जिवापाड जपायची. रोजच्या वापराला तिनं साधे टायर लावले होते. हे चार तिनं रिमसकट देवघराशेजारच्या, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, अव्वाच्या, म्हणजे आईच्या, जुन्या सुती लुगड्यांत गुंडाळून पंख्याखाली ठेवले होते.

"मी पत्र्याखाली निजते," अव्वा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आन् हे चार जावई पंख्याखाली."

एवढं झालं तरी सगळं ठीक होतं. बिघडलं ते एका दुपारी जेवताना. निलूचे वडील, सिद्धलिंगआप्पा, गावातले लोखंडी सामानाचे व्यापारी आणि उदगीर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून झटणाऱ्या कृती समितीचे जुने सदस्य. त्यांनी भाकरी मोडता मोडता सहज विचारलं, "निलू, हे तुझे टायर चालतात किती गं?"

निलू "बरेच चालतात" म्हणून पुढचा घास घेऊ शकली असती. पण लोकांना खरी माहिती दिलीच पाहिजे, अशी तिची श्रद्धा होती. तिनं खरं सांगायचं ठरवलं.

"ट्रॅकवर पळवले तर हजार, फार तर दीड हजार किलोमीटर."

आप्पांचा घास हवेतच थांबला. "हजाराच्या पुढं काय म्हणलीस?"

"काही नाही. नुसते हजार."

"म्हंजे हैदराबादला दोन-तीन चकरा मारल्या की संपलं?"

"ट्रॅकवर सारखे ब्रेक आणि सारखी वळणं असतात, आप्पा. रबर मऊ असतं म्हणून रस्त्याला चिकटतं, आणि मऊ असतं म्हणूनच झिजतं. शिवाय तापलं, गार झालं, तापलं, गार झालं, असं पंधरा-वीस वेळा झालं की ते कडक पडतं. वरून टायर चांगला दिसतो, पण आतून मेलेला असतो."

"आन् तुझे हे जित्ते हायेत?"

"आहेत की. पण संपत आलेत."

"अगं पण त्यांच्यावर नक्षीच न्हाई! दोन बारीक चिरा हायेत नुसत्या."

"नसतेच नक्षी. नवे असतात तेव्हाही असेच गुळगुळीत असतात."

आप्पांनी अव्वाकडे पाहिलं, अव्वानं आप्पांकडे. कुणीतरी आपल्या शिकलेल्या पोरीला घासलेले टायर नवे म्हणून गळ्यात मारलेत, हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. पण इतकं शिकून आलेल्या लेकीला तोंडावर कसं सांगायचं? आप्पांनी जीपकडे बोट दाखवलं आणि एवढंच म्हणाले, "तिचे टायर तू धाव्वीत होतीस तवा टाकले. तीनदा रबर चढवलं. अजून चालू हायेत."

दुसऱ्या दिवशी निलू माळाच्या जागेसाठी लातूरच्या एका कचेरीत गेली. तिथल्या साहेबांनी तिचा नकाशा उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "उदगीर जिल्हा होऊ द्या. मग तिकडंच अर्ज करा."

"जिल्हा कधी होणार?"

"पाऊस कधी पडणार?" साहेबांनी उलट विचारलं. निलू मैत्रिणीकडे मुक्काम करून, आणखी एका कचेरीत हेच उत्तर ऐकून, शुक्रवारी संध्याकाळी एसटीनं परतली.

अंगणात गर्दी होती. मधोमध पाटांवर चार टायर उभे करून ठेवले होते. प्रत्येकाला विभूतीचे तीन पट्टे ओढलेले, वर एकेक फूल. आणि टायरांवर अंगठा आत जाईल एवढ्या खोल खाचांची, उसाच्या ट्रॉलीला शोभेल अशी जाड नक्षी. बाजूनं पांढऱ्या रंगात गोलाकार लिहिलेलं, "उदगीर जिल्हा झालाच पाहिजे."

निलूला आधी वाटलं, आप्पांनी जीपचे टायर बदलले. मग तिनं रिम ओळखली.

ती पायरीवर बसली. उभी राहिली. परत बसली.

"बघा, पोरगी आनंदानं मुकीच झाली," अव्वा म्हणाली.

"आप्पा," निलूनं टायरांकडे बोट केलं, "हे... हे काय केलं?"

"रिमोल्ड!" मन्मथ पुढे झाला. "मी अन् काका जीपनं नांदेडला गेलो. नरसिंग हाय तिथं, लई नामी माणूस. म्हणला, मऊ रबर हाय, काय कामाचं न्हाई. मशिनीवर सगळं घासून काढलं अन् नवं कोरं चढवून भाजून दिलं. आता दगडात घाल का धोंड्यात घाल!"

"घासून काढलं?" निलूचा आवाज चिरकला. "सगळं?"

"पार धाग्यापत्तोर."

"नऊ वर्सं बघायचं काम न्हाई," आप्पा म्हणाले.

नागम्मांनी एका टायरवर हात फिरवला. "आता कसा टायरवानी टायर दिसतो. पहिले बाई माझ्या टकलावानी होते." (नागम्मा तिरुपतीला केस देऊन नुकत्याच आल्या होत्या.)

जर्मनी, तिथलं शिक्षण आणि विमानात बसवलेलं शांत बोलणं, सगळं निलूच्या डोक्यातून एका क्षणात गेलं. ती अस्सल उदगिरीत ओरडली, "अव्वा गं! वाटुळं झालं की माझं!"

गर्दी पांगली. शेजाऱ्यांना एवढी समज होती. नागम्मा तेवढ्या कुंपणापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या, कारण तिथून ऐकू यायचं.

निलूनं सगळं सांगितलं. जे रबर मोजायचं होतं तेच घासून टाकलं, आता मोजायला काही नाही, रविवारची खेप नाही, कंपनी नाही आणि ट्रॅकही नाही. आप्पा ओसरीवरच्या गादीवर लोडाला टेकून ऐकत होते. आवाज चढला तसे ते लोडात आणखी आणखी रुतत गेले.

"मला विचारायचं तरी, आप्पा!"

"विचारलं असतं तर तू नको म्हणली असतीस." आप्पांनी लोडाची खोळ चाचपली. मग खाली बघून म्हणाले, "तू म्हणलीस संपत आलेत. हिथं हीर संपली, बोअर संपला, कडबा संपला. माझ्या हातानं काईच थांबंना. म्हणलं पोरीचा एवढा एक जिन्नस तरी आपल्या घरी संपू नये."

निलू त्यांच्याजवळ जाऊन बसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. रेड्डी होते.

"मॅडम, रविवारची तयारी झाली? टायर काय म्हणतात? किती झिजलेत?"

खोटं बोलणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. "झिजले नाहीत, सर. वाढलेत."

"वाढलेत?"

"बारा-तेरा मिलिमीटर."

फोनवर इतकी शांतता पसरली, की कुंपणापलीकडच्या नागम्मांचा श्वास ऐकू आला. निलूनं मग रिमोल्डची सगळी हकिगत सांगितली. रेड्डी तीस वर्षं टायरांच्या धंद्यात होते, पण ट्रॅकच्या टायरला ट्रॉलीची नक्षी चढवल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. दोनदा त्यांनी "खरंच?" असं विचारलं. मग म्हणाले, "ट्रॅकवर रिमोल्ड आत सोडत नाहीत, मॅडम. गाडी आणू नका." आणि फोन ठेवता ठेवता थांबले. "ते घासून काढलेलं रबर तरी आहे का? उन्हानं ते किती कडक पडलं, एवढं तपासता येईल. काहीतरी हातात द्या, म्हणजे मला साहेबांपुढं तुमच्या ट्रॅकचा विषय काढता येईल."

निलू वळली. "आप्पा, त्या घासलेल्या रबराचा भुगा नरसिंगकडेच राहिला का?"

"त्याच्याकडं कशाला ठिवू?" आप्पा दुखावून म्हणाले. "टायर आपले, तर भुगा बी आपला. पोतं भरून आणला."

"कुठंय पोतं?"

आप्पांनी अव्वाकडे पाहिलं.

"पोतं रिकामं केलं की," अव्वा म्हणाली. "समितीची माणसं रोज येऊन बसतात, टेकायला एक लोड कमी पडून राहिला. कापूस कुठला आणू आता? मऊ भुगा होता. दिला भरून."

निलूनं आप्पा ज्याला टेकले होते त्या लोडाकडे पाहिलं. आप्पांनीही मागे वळून पाहिलं आणि चटका बसल्यासारखे पुढे सरकले. चार टायरांचं उभं आयुष्य फुलाफुलांच्या खोळीत शिवून त्यांच्या पाठीमागे पडलं होतं, आणि जिल्ह्याच्या मागणीला दोन दिवस टेका देत होतं.

"लई गरम होतो तो," आप्पा ओशाळून म्हणाले. "मी म्हणतच होतो."

त्या रात्री निलू लोड उशाशी घेऊन झोपली. घरभर रबराचा वास सुटला.

सकाळी ती ओसरीवर आली, तर आप्पा आधीच उठून बसले होते. मांडीवर तिचं ट्रॅकवर घालायचं हेल्मेट होतं. ते काचेवर फुंकर मारत होते, धोतराच्या सोग्यानं पुसत होते आणि परत उजेडात धरून बघत होते. ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून मुद्दाम घेतलेली ती काळी काच होती.

"निलू," ते हळूच म्हणाले. कालचं भरून काढायची त्यांना घाई झाली होती. "ह्याची काच धुरानं पार काळी पडलीय गं. पुसून निघंना. नरसिंगकडं बारीक पॉलिश पेपर असतो, मन्मथ आज नांदेडला चाललाच हाय..."

निलूनं त्यांच्या हातातून हेल्मेट घेतलं, डोक्यावर चढवलं आणि हनुवटीखालचा पट्टा आवळला. उद्या पहिल्या एसटीनं लोड मांडीवर घेऊन हैदराबादला जायचं आणि तोवर हेल्मेट डोक्यावरून काढायचं नाही, असं तिनं तिथल्या तिथं ठरवलं. एवढा पक्का निर्णय तिनं जन्मात घेतला नव्हता. त्या समाधानात तिनं अव्वाच्या हातातला चहा घेतला आणि काच वर न करताच पहिला घोट घेतला, तो सगळा काचेवरून खाली ओघळला.