बॅनरवरचा पिवळा चौकोन

"यापुढे या दुकानात कुणीही, काहीही विसरणार नाही!"

असं मी छाती पुढे काढून जाहीर केलं, तेव्हा दादा बॅग भरत होता आणि वहिनी माझा चष्मा शोधत होती. चष्मा माझ्या कपाळावरच होता, पण ते जाऊ द्या!

आमचं बॅनर छापायचं दुकान. दादा कॉम्प्युटरवर मजकूर रचतो, वहिनी मागच्या खोलीत छपाईचं मशीन सांभाळते आणि मी छापून आलेल्या बॅनरच्या कडेला कड्या ठोकतो. ठक ठक ठक! दादाच्या त्या गरकन फिरणाऱ्या खुर्चीकडे मी जसा टक लावून बघतो, तसं तान्हं बाळ आईकडेही बघत नसेल.

आणि आता मामा आजारी पडल्यामुळे दादा आठवडाभर परगावी निघाला होता.

"हा आठवडा खुर्चीवर तू," दादा म्हणाला. "दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या नव्या दवाखान्याचं बॅनर आहे. ते नीट पार पडलं तर खुर्ची कायमची तुझी. मी बाहेरची कामं बघेन."

"आणि नाही पार पडलं तर?"

"तर कड्या."

मी मूठ आवळली. खुर्ची मिळवायची म्हणजे मिळवायचीच! हत्यार तर माझ्याकडे तयार होतं. कॉम्प्युटरवरच्या चिठ्ठ्या! ना कागद, ना गोंद, ना वाऱ्यावर उडून जायची भीती. बटण दाबलं की पडद्यावर पिवळा चौकोन अलगद उमलतो, सकाळच्या उन्हात फूल उमलावं तसा.

आता माझ्या डोक्याची एक खोड आहे. गद्य त्यात टिकत नाही, गळून जातं. चालीत बसवलेलं मात्र जन्मभर राहतं. पाढेसुद्धा मी गाऊनच पाठ केले होते. तेव्हा चिठ्ठ्याही ओघानेच गाण्यात आल्या.

"लाल शाई आटली गं, शाईवाल्याला गाठा गं!"

"वहिनी आत रागावली, आधी पळ, मग विचार!"

दोन दिवसांत पडद्यावर शेवंतीचा मळा फुलला. शिवाय मी अशी व्यवस्था करून ठेवली की कुठलंही काम उघडा, चिठ्ठ्या आपल्या सगळ्याच्या वरच! हट्टी पाहुण्यांसारख्या. आणि पाहुणे फार दिवस राहिले की जे होतं तेच झालं. मला त्या दिसेनाशा झाल्या.

बॅनर मात्र मी जीव ओतून केलं. निळं आभाळ, मधोमध डॉक्टरीणबाईंचा हसरा चेहरा, खाली दवाखान्याचं नाव. नेमकी त्याच वेळी माझी दाढ ठणकायला लागली. याच बाईंनी मागे माझी एक दाढ उपटली होती. दाढ निघाली तेव्हा विहिरीतल्या बादलीसारखा खुर्चीसकट मी अर्धा वर उचलला गेलो होतो! म्हणून लगेच एक चिठ्ठी लिहून टाकली; कडेला जागाच उरली नव्हती, त्यामुळे ती बॅनरवरच उमलली:

"गाल फुगे भोपळ्यावाणी, ठणके माझी दाढ रे,
ही ओढे बादलीवाणी, दुसरी शोधून काढ रे!"

मग पडद्यावरच्या फक्त बॅनरचा फोटो काढून बाईंच्या फोनवर पाठवला. बाईंचं तात्काळ उत्तर आलं, "सुंदर! जसं आहे तसंच छापा!" मी फाइल आणि तोच फोटो वहिनीकडे दिला आणि दुखरा गाल धरून घरी जाऊन पडलो.

आता वहिनीची गंमत ऐका. एकदा कुणा गिऱ्हाइकाने "फोटोत होतं ते बॅनरवर नाही" म्हणून दुकानात थयथयाट केला होता. तेव्हापासून ती भिंग घेऊन बसते. गिऱ्हाइकाने पसंत केलेला फोटो एका हातात, फाइल समोर, आणि कणाकणाने ताडून बघते. तिला फोटोत पिवळा चौकोन दिसला. फाइलमध्ये चौकोन नाही!

"भाऊजी विसरले वाटतं!" ती पुटपुटली. आणि तिने तोच पिवळा रंग मिसळून, तीच अक्षरं टाइप करून, तो चौकोन बाईंच्या हसऱ्या चेहऱ्याशेजारी बसवला. छोटा दिसत होता म्हणून जरा मोठाही केला!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गालाला फडकं बांधून निघालो, तर नव्या दवाखान्यापुढे ही गर्दी! माझा ऊर भरून आला. माझं बॅनर बघायला लोक लोटले होते! जवळ गेलो तर एक आजोबा चालीवर म्हणत होते, "ही ओढे बादलीवाणी..." आणि मागून दहाबारा बायका साथ देत होत्या, "दुसरी शोधून काढ रे!"

मी वर पाहिलं. बाईंच्या चेहऱ्याशेजारी माझीच चिठ्ठी!

"वहिनी! हे काय केलंत?"

वहिनी शिडी धरून अभिमानाने उभी होती. "काय म्हणजे? तुम्ही विसरला होतात, मी घातलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही हो!"

"अहो, ती माझी चिठ्ठी होती!"

"फोटोत होती. बाईंनी पसंत केली. मी कोण नको म्हणणारी?"

आत डॉक्टरीणबाई फुलांची रचना करत होत्या. अजून त्यांनी वर पाहिलं नव्हतं. खुर्ची डोळ्यांपुढून गरगर फिरत दूर चालली होती. नाही! हार मानायची नाही! मी शिडीवर चढलो आणि दोन्ही हात पसरून त्या चौकोनावर पाठ टेकवून उभा राहिलो. पालीसारखा!

तेवढ्यात बाई बाहेर आल्या.

"तुम्ही वर काय करताय?"

"बॅनरला आधार देतोय! वारा फार आहे."

"पान हलत नाहीये!"

"येईल. यायचाय अजून."

"खाली उतरा."

"उद्घाटन होईपर्यंत नाही उतरणार!"

"भाऊजी, बाजूला व्हा ना," खालून वहिनी ओरडली, "तुमचंच गाणं झाकताय! बाई, हे सगळं आमच्या भाऊजींनी स्वतः रचलंय बरं का!"

"कुठलं गाणं?" बाईंनी विचारलं. फोनवर तो ठिपक्याएवढा चौकोन त्यांच्या नजरेत आलाच नव्हता.

काय सांगू! सबंध गर्दीने एका सुरात म्हणून दाखवलं. भजनी मंडळालाही जमणार नाही असा ठेका!

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. मग त्यांची नजर माझ्या फडक्याकडे गेली.

"भोपळा तो हाच का?"

"ह... हो."

"या आत. सगळ्यांसमोर ठरू द्या, मी बादली ओढते की दाढ काढते."

पळावं असं फार वाटलं. पण मी पळालो तर बॅनर खरं ठरणार, बाईंचा दवाखाना पहिल्याच दिवशी ओस पडणार आणि त्याबरोबर आमचं दुकानही. मी दात आवळले. ते जास्तच दुखलं, म्हणून सैल सोडले आणि आत गेलो.

खिडकीला माणसं द्राक्षांच्या घडासारखी लटकली होती. सुई टोचली, गाल बधिर झाला, मी डोळे मिटून सगळ्या कुळाची आठवण काढली. डोळे उघडले तर दाढ ताटलीत! कळलंसुद्धा नाही!

"दुखलं का?" खिडकीतून आजोबा ओरडले.

तोंडात कापूस. मी दोन्ही हातांनी जोरजोरात नाही नाही केलं. टाळ्या पडल्या! आजोबा तिथल्या तिथे आत शिरून खुर्चीवर बसले, आणि त्यांच्यामागे रांग लागली. पार कोपऱ्यापर्यंत! समोरचा चप्पलवाला धावत आला, "मलाही असलंच बॅनर पाहिजे! पिवळ्या चौकोनासकट!" त्याच्यामागून न्हावी आला, चष्मेवाला आला.

जिंकलो! खुर्ची माझी! नेमका तेव्हाच वहिनीचा फोन वाजला.

"अगं, मला इथे चप्पलवाल्याचा फोन आला!" दादाचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. "तो पिवळा चौकोन बॅनरवर घालायचं डोकं कुणाचं?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. खोटं ती कधी बोलत नाही.

"घातला मीच," ती म्हणाली.

"वा! मग ठरलं! खुर्चीवर तूच बस!"

मी निषेध केला. जिवाच्या आकांताने केला! पण अर्धा जबडा बधिर होता, त्यामुळे सगळा निषेध हनुवटीवरून शर्टावर ओघळला.

"काय म्हणतोय तो?" दादाने विचारलं.

"आनंद झालाय हो त्यांना," वहिनीने मायेने माझी हनुवटी पुसली. "तोंडाला पाणी सुटलंय अगदी!"