सतरंजीखालची फरशी

नव्या खोलीतली शेवटची फरशी ठोकून दत्तोबा उठले आणि त्यांना एकदम आठवलं. फरशीच्या पाठीवरचा बाण दाराकडं हवा होता, त्यांनी तो समोरच्या भिंतीकडं केला होता!

खरं तर हे काम सोनबा गवंड्याचं. पण तो जेवायला गेल्यावर "ह्यात कसली आलीया कला?" म्हणत दत्तोबांनी थापी उचलली. प्रत्येक फरशीवर कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणारी वळणदार वेल होती. सोनबानं बजावलं होतं, "तात्या, बाण चुकला की वेल तुटली."

वेल तुटली का हे बघायचाही धीर न झाल्यानं त्यांनी त्या फरशीवर पोतं टाकलं. दुसऱ्या दिवशी वास्तुशांत होती आणि इंदापूरहून थोरली बहीण द्वारकाबाई यायची होती. मागं तिला गोठ्याचा एक खांब वाकडा दिसला होता, तर दोन तालुके हसले होते.

सकाळी दत्तोबा पोत्यावर सतरंजी टाकून ठाण मांडून बसले.

"दत्तू, पाया पडायला बी उठना व्हय रं?"

"बसूनच पडतो, आक्का."

होमकुंड त्यांच्यापुढं आणावं लागलं. ताटही तिथंच आलं. दुपारी द्वारकाबाईंनी हंबरडा फोडला, "कंबर गेली ह्याची! आन मला कुणी कळवलं न्हाय!"

बारामतीच्या दवाखान्यासाठी जीप आली. चौघांनी दत्तोबांना पोत्या-सतरंजीसकट उचलून बाजेवर टाकलं.

"सोडा! कंबर धड हाय! मी फरशी उलटी बसवलीया!"

सगळे खाली वाकले. वेली खोलीभर तिरक्या, सलग गेल्या होत्या. एकही तुटली नव्हती.

सोनबा हसला. "तात्या, पत्त्यातला राजा उलटा धरला तरी राजाच दिसतोय न्हवं? ही वेल तशीच हाय. आडवी लावली असती, तर तुटली असती."

दत्तोबांच्या जिवात जीव आला आणि लगेच छातीही फुगली. "बघितलं का आक्का? गवंड्याच्या तोडीस तोड बसवली मी!"

"कुठली?"

दत्तोबा रांगत फरशी न फरशी चाचपू लागले. पोत्याखाली आलेल्या सगळ्या सारख्याच. चूक नाही, तशी खूणही नाही.

संध्याकाळी द्वारकाबाई एसटीत शेजारणीला सांगत होत्या, "सोनबाचं काम लई झ्याक. आमचा दत्तू? त्यो दिसभर जागचा हलला न्हाय."