घुसखोर उपकरणाचा बंदोबस्त

निवृत्त अधीक्षकांच्या बैठकीच्या खोलीतला टीव्ही एका मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी थांबला. पडद्यावरची बाई तोंड उघडून जी राहिली ती राहिलीच आणि तिच्या नाकासमोर एक पांढरं चाक गरगर फिरू लागलं. बाकीच्या घरांत माणसं अशा वेळी दोन मिनिटं थांबतात, चहा टाकतात. अधीक्षकांनी वही काढली. छत्तीस वर्षं अभिलेख विभागात घालवलेला माणूस. अडचण आली की आधी तिला क्रमांक देणार, मग तिच्याकडे बघणार.

"अहो, रविवारपर्यंत एवढं नीट करा," पत्नी म्हणाल्या. "सहा ते सात धाकटीचं गाणं आहे. नेटवर थेट दाखवणार आहेत. नंतर बघायला मिळणार नाही म्हणे."

धाकटी म्हणजे पत्नींची बहीण. बासष्टाव्या वर्षी ती पहिल्यांदाच भरल्या सभागृहात तासभर गाणार होती. तिचं गाव दोन दिवसांच्या प्रवासावर, आणि इकडे पत्नींचे गुडघे जिन्याचं नाव काढलं तरी रुसायचे. सगळी भिस्त टीव्हीवर होती.

"नीट? मुळापासून नीट करतो," अधीक्षक म्हणाले. हे वाक्य पत्नींनी पूर्वी स्वयंपाकघरातल्या नळाबाबत ऐकलं होतं. तो नळ तेव्हापासून बंदच आहे.

बुधवारी वेगमोजणी सुरू झाली. दर दहा मिनिटांनी फोनवर नेटचा वेग मोजायचा आणि वहीत चढवायचा. मोजणीलाही नेट लागतं, त्यामुळे मोजताना वेग घटायचा. घटला की काळजी वाटून अधीक्षक पुन्हा मोजायचे. संध्याकाळपर्यंत चार पानं भरली आणि निष्कर्ष निघाला की कोणीतरी आपलं नेट खातंय.

गुरुवारी त्यांनी राउटरच्या पोटात शिरून जोडलेल्या उपकरणांची यादी काढली. यादीत दोनच नोंदी होत्या. एक त्यांचा फोन. दुसरीला नाव नव्हतं, नुसते आकडे आणि अक्षरं, शेवटी सात-एफ-चार. हा अनामिक रोज संध्याकाळी सहा ते आठ भस्म्या रोग झाल्यासारखं नेट खात होता.

"आपलंच काहीतरी असेल हो," पत्नी म्हणाल्या.

"आपल्याकडे उपकरण एकच, माझा फोन. तुझा बटणांचा, त्याला नेट नाही."

"आणि टीव्ही?"

"टीव्ही फर्निचरमध्ये येतो. घरसामानाच्या यादीत कपाटाखाली तशी नोंद आहे. माझ्याच अक्षरात आहे."

आता स्वतःच्या अक्षरातल्या नोंदीवर कोण अविश्वास दाखवणार! संशय भिंतीपलीकडच्या दंतवैद्यांवर गेला. ते संध्याकाळी सहा ते आठ मोठमोठ्याने हसत, आणि अधीक्षकांच्या मते इतकं हसू स्वतःच्या पैशाच्या नेटवर येत नाही. रीतसर पत्र गेलं. 'आपले उपकरण, अखेरचे अंक सात-एफ-चार, आमच्या नेटवर्कमध्ये विनापरवाना वावरत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' खुलासा तीन मिनिटांत आला. "आमचं दार पुन्हा वाजवू नका," दंतवैद्य जिन्यात उभे राहून म्हणाले आणि दार लावून घेतलं. वीस वर्षांचा शेजार एका जावक क्रमांकात संपला.

शुक्रवारी बंदोबस्त झाला. घुसखोराला कायमची बंदी. राउटरला बत्तीस अक्षरांचा नवा पासवर्ड. तो एका जागी ठेवणं धोक्याचं, म्हणून अर्धा कपाटात आणि अर्धा बँकेच्या लॉकरमध्ये. स्वतःचा फोन देखरेखीसाठी राखून त्याच्यावर करमणुकीला बंदी. घरात एवढा वेग असताना बाहेरचं नेट कशाला, म्हणून फोनचा नेटपॅकही बंद. वेग झपाट्याने चढला. अधीक्षकांनी तो लाल शाईने लिहिला आणि रविवारसाठी शिल्लक राहावा म्हणून दोन दिवस टीव्हीला हात लावू दिला नाही.

रविवारी पावणेसहाला पत्नी केस विंचरून, चष्मा पुसून टीव्हीसमोर बसल्या. टीव्ही लावला.

"अहो, 'नेटवर्कने प्रवेश नाकारला आहे' म्हणतोय. खाली नंबर दिलाय."

"वाच."

त्यांनी वाचला. शेवटचं सात-एफ-चार आलं तशी अधीक्षकांच्या हातातली वही खाली गेली.

"परत वाच."

"परत वाचून तो बदलणार आहे का? सोडा त्याला आत."

"पासवर्ड लागेल."

"मग घाला."

"अर्धा लॉकरमध्ये आहे."

"आज रविवार आहे, अहो."

"म्हणूनच तो सुरक्षित आहे," अधीक्षक सवयीने म्हणाले आणि जीभ चावली.

"मग तुमच्या फोनवर लावा."

"त्याच्यावर करमणूक बंद केलीय. उघडायलाही तोच पासवर्ड."

"शेजारी जाऊ?"

दोघांनी भिंतीकडे पाहिलं. 'आमचं दार पुन्हा वाजवू नका' हे दोघांनाही आठवलं.

सहा वाजले. दुसरं काहीच करण्यासारखं नव्हतं, म्हणून अधीक्षकांनी वेग मोजला. त्या घरात इतका वेग कधीच आला नव्हता. पत्नी तासभर त्या बंद पडद्यासमोर, हात मांडीवर ठेवून बसल्या. अधीक्षकांना लाज वाटली. छत्तीस वर्षांत त्यांनी हजारो लोकांना 'आज होणार नाही' म्हणून परत पाठवलं होतं, पण ती माणसं जिना उतरून निघून जायची. परत पाठवलेलं माणूस समोरच बसून राहिल्याची ही पहिलीच वेळ.

सात वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. धाकटी होती, धापा टाकत, हसत.

"भाऊजी, पाहिलंत ना?"

"पाहिलं," अधीक्षक म्हणाले.

"शेवटचं गाणं आईचं होतं. ताईला मुद्दाम सांगितलं नव्हतं. रडली का हो ती?"

अधीक्षकांनी टीव्हीकडे, म्हणजे टीव्हीसमोर पाहिलं.

"रडली," ते म्हणाले. "अजून रडतेय."

आता तुम्ही म्हणाल, काय एकेक नमुने असतात! जरूर म्हणा. पण त्याआधी उठा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला तुमच्या वायफायचा पासवर्ड विचारून या. त्यांना सांगता आला नाही तर काळजीचं कारण नाही. तुमचं नेटवर्क सुरक्षित आहे.