सोपाननानांचं कुलूप

सोपाननाना घराला कुलूप लावायचे, ओढून बघायचे, दहा पावलं चालायचे आणि परत फिरायचे. असं चार-चार वेळा. मोशीच्या थांब्यावर कंपनीची बस हॉर्न वाजवत उभी, आणि नाना गल्लीतून हात वर करून ओरडतायत, "आलो राव, येकदा बघून आलो!"

नाना मूळचे मोशीचेच. त्यांच्या बायको, काकू, पहाटेच कामाला जायच्या, त्यामुळं कुलूप नानांच्याच हाती. त्यांच्या भावकीच्या शेतात सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांतल्याच एकीत मी भाड्यानं राहायचो. चाकणला आम्ही दोघं तपासणी खात्यात. बसमध्ये सात वर्षं शेजारी-शेजारी. कामात त्यांच्या या स्वभावाचं कौतुकच व्हायचं. नानांच्या हातून गेलेला माल कधी परत आला नाही. तोच माणूस जेवणाच्या सुट्टीत शेजारणीला फोन लावायचा, "वहिनी, आमच्या दारातनं गॅसचा वास येत न्हाई ना? न्हाई? आता परत येकदा घ्या वास."

मी त्यांची पुष्कळ मजा घेतली. एकदा बस चाकणजवळ आल्यावर मागं वळून म्हणालो, "नाना, मोशीकडं धूर दिसतोय हो." नानांनी बस थांबवली, उतरले आणि उलट्या दिशेनं चालू लागले. सगळी बस हसून आडवी झाली. त्यांचा त्या दिवशी खाडा पडला. दुसऱ्या दिवशी मला एवढंच म्हणाले, "कायबी झालं न्हवतं राव. बरं झालं."

पुढं कंपनीच्या डॉक्टरांनी त्यांना रावेतला एका मानसतज्ज्ञ ताईंकडं पाठवलं. ताईंचा उपचार साधा, पण करायला महाकठीण. कुलूप एकदाच लावायचं आणि वळून बघायचं नाही. भीती चढेल, चढू द्यायची. तिला शंभरपैकी मार्क द्यायचे. काही न करता ती आपोआप उतरते, हे रोज स्वतः अनुभवायचं. नाना बसमध्ये खिशातली वही काढून लिहायचे. मोशीला नव्वद, कुरुळीला सत्तर, चाकणला चाळीस. पोरं मागून विचारायची, "नाना, स्कोअर काय?" नाना घाम पुसत सांगायचे, "उतरतोय, उतरतोय!"

मला त्यांनी एकच काम दिलं होतं. "कुलूप लागलं असंल का, असं मी इचारलं, तर हो म्हणू नगंस. माहीत न्हाई म्हण. तू धीर दिलास की भीती पोसती, असं ताई म्हनल्या."

दोन दिवस मी पाळलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाचव्यांदा विचारलं आणि मला मोबाईलवर मॅच बघायची होती. "लागलंय हो नाना, बसा आता गप." त्यांचा चेहरा क्षणभर सैलावला, मग पडला. वहीतल्या त्या दिवसावर त्यांनी काट मारली. पुढं मी तेच करत राहिलो. तेच सोपं होतं.

एकदा ते म्हणाले, "रविवारी रावेतला येशील? तासभर." कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. "बघतो," म्हणालो.

नंतर मी नोकरी बदलली, मोशी सुटली. गेल्या महिन्यात त्या बाजूला गेलो म्हणून त्यांच्या घरी डोकावलो. नाना निवृत्त झालेत, बरे आहेत. "कदीमदी हात शिवशिवतो," म्हणाले, "पर पाय फिरत न्हाई."

काकू म्हणाल्या, "शेवटी मीच जायला लागले ह्यांच्यासंगं. आधी फॉर्मवर तुमचं नाव होतं."

"माझं?"

"मदतीला जवळचं कोण, असं ताईंनी इचारलं. हे म्हनले, बायको घाबरंल, माझा येक दोस्त हाय. त्या रविवारी तासभर वाट बघितली तुमची."

"जाऊ दे गं," नाना ओशाळून म्हणाले. "मी ताईंना सांगितलं, ओव्हरटाइम लागला असंल, न्हाईतर तो आला असता." मग माझ्याकडं वळले. "लागला व्हता ना रं?"

त्या रविवारी मी घरी लोळत पडलो होतो.

"हो, नाना," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. पुन्हा विचारलं नाही.