अक्कांची वेळेवरची कपाशी

"वहिनी, ओल अजून खाली गेली नाही. आठवडाभर थांबा," असं दीर म्हणाला, म्हणून अक्कांनी दुसऱ्याच दिवशी सरकी टोकायला घेतली. बांधापलीकडचं शेत दिराचं होतं आणि त्याच्या आधी पेरायचं, एवढंच हवामान अक्कांना कळत होतं.

"अगं, शेणखतसुद्धा नीट कुजलेलं नाही," नवरा म्हणाला.

"मातीत गेलं की कुजेल. तिथं त्याला दुसरं काय काम आहे?"

दोरी धरून खड्डे झाले. प्रत्येक खड्ड्यात मूठभर खत आणि सरकी पडली. मग ऊन तापलं, वरची ओल उडाली आणि सरकी जागच्या जागी मेली. पुढे चांगला पाऊस झाल्यावर दिराने पेरलं. त्याचं रान अजून काळंच होतं, तेव्हा अक्कांच्या शेतात खड्ड्याखड्ड्यावर हिरवे ठिपके दिसू लागले.

अक्कांनी दिराला बांधावर बोलावून घेतलं.

"बघा भावजी. तुमची अजून झोपलीय."

दिराने वाकून पान चोळलं. "वहिनी, ही पेटारी आहे. तण आहे हे."

"तण कधी दोरी धरून उगवतं का?"

दिराने आणखी एक पान चोळून पाहिलं. उत्तर नवऱ्याने दिलं. "बी कच्च्या खतातून आलं असणार. खड्ड्यात खत आपणच घातलंय."

"तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?" अक्कांनी विचारलं. त्याला एकदम गोठ्यातलं काम आठवलं.

पेटारीची बडदास्त सुरू झाली. खुरपणाऱ्या बायांनी तिला हात लावला की अक्का म्हणायच्या, "तिला नाही, तिच्या बाजूचं काढा."

"अक्का, आम्ही जन्मभर हिलाच उपटत आलो," एक जण म्हणाली.

"मग यंदा सवय बदला."

वर्षाचं पीक हातचं जाणार हे नवऱ्याला दिसत होतं. त्याने उरलेली सरकी दोन ओळींच्या मधे गुपचूप टोकली. ती उगवली आणि नेमकी अक्कांच्या नजरेला पडली. "हे कुठलं नवं तण?" म्हणत त्यांनी अर्धी ओळ उपटली. मग हातातल्या रोपाकडे पाहिलं. जाड पानाच्या टोकाला सरकीचं टरफल अजून चिकटलेलं होतं, कापसाच्या तंतूसकट.

उरलेली अर्धी ओळ अक्कांनी तशीच राहू दिली. सकाळी बायांना म्हणाल्या, "पेटारी काढून टाका."

दीर बांधावर उभाच होता. "पटलं म्हणायचं तर."

"पटायचं काय त्यात? कोवळ्या कपाशीला आडोसा म्हणून ठेवली होती. काम झालं तिचं."

दीर हसला, पण पुरतं हसला नाही. मधल्या ओळींतली टवटवीत रोपं तो परत परत बघत होता. त्या आठवड्यात त्याच्याकडे खुरपणी झाली, तेव्हा दोन ओळींतल्या पेटारीला त्याने बायांना हात लावू दिला नाही.

"अगं, सांग त्याला खरं काय ते," नवरा म्हणाला.

"अजिबात नाही," अक्का म्हणाल्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा भावजी माझं ऐकतायत. तुम्ही मधे पडू नका."